रोबोने कापलेले काँक्रीटचे साचे: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंडा तालुक्यात सेंट्रिंगची, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी लागणाऱ्या साच्यांची आणि टेकूंची, ड्रॉइंगं करतो. गेली काही वर्षं कुंडईच्या एका शेडमध्ये रोबोच्या हाताने साचे कापणाऱ्या छोट्या गटाबरोबरही काम करतो आहे. आर्किटेक्ट, कंत्राटदार, देवस्थान समितीची माणसं, इंजिनिअरिंगची मुलं, सगळे थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जिथे पैसा आणि मेहनत दोन्ही वाया जाताना पाहिली तिथे जास्त लिहिलंय, बाकी ठिकाणी आटोपतं घेतलंय.

रोबो साचा बनवतो म्हणजे नेमकं काय करतो?

चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत थर्माकोलचं मखर कापताना तुम्ही पाहिलंच असेल. चौकटीत ताणलेली निक्रोमची तार, तिला वीज दिली की ती तापते आणि थर्माकोल वितळत दुभंगतो. रोबोच्या हाताला आम्ही अशीच तार लावतो, दीड-दोन मीटर लांबीची. मखर कापणाऱ्याचा हात पेन्सिलच्या रेघेवरून चालतो. रोबोचा हात कॉम्प्युटरमधल्या त्रिमितीय आकृतीवरून चालतो आणि तारेची दोन टोकं एकाच वेळी दोन वेगळ्या वाटांनी नेतो. त्यातून जो ठोकळा निघतो त्याची वरची बाजू म्हणजे तुमच्या छताच्या पोटाचा उलटा ठसा. तो प्रॉपवरच्या (टेकूंवरच्या) प्लायच्या टेबलावर बसवायचा, वर सळई, वर काँक्रीट.

तारेच्या जागी गरगर फिरत कोरणारं मिलिंगचं टूल लावता येतं, पातं लावता येतं, वेल्डिंगची गनही लावता येते. पण प्रत्येक वेळी रोबो करतो ते एवढंच: हाताने करायला सर्वांत वेळखाऊ असलेला आकार तो घडवून देतो. टेकू देणं, बांधणं, भरणं, खोलणं माणसांकडेच राहतं.

आमचे मेस्त्री घुमट हातानेच करतात. मग रोबो हवाच कशाला?

त्यांना येतंच, आणि उत्तम येतं. जुन्या गोव्यातल्या चर्चच्या कमानी लाकडी सेंट्रिंगवरच उभ्या राहिल्या. दिल्लीचं कमळ मंदिर १९८६ साली उघडलं; त्याच्या २७ पाकळ्यांचे साचे लाकूड आणि प्लायमधूनच घडवले. मेक्सिकोत फेलिक्स कान्देला या वास्तुविशारदाने १९५८ साली सोचिमिल्कोच्या लोस मानान्तियालेस उपाहारगृहाचं लाटांसारखं छत उभं केलं तेही सरळ फळ्या एकमेकींना चिकटून तिरप्या लावूनच. तो आकार सरळ रेषांनी विणता येतो हे त्याला ठाऊक होतं, आणि सुतारांना सरळ फळी लावता येत होती. दोन्ही ज्ञानं एकत्र आली.

अडचण कौशल्याची नाही, तासांची आहे. साध्या इमारतीतही काँक्रीटच्या ढाच्याच्या खर्चातला एक तृतीयांश ते निम्मा वाटा साच्यावर जातो. सपाट स्लॅबचं प्लाय पुढच्या मजल्यावर, मग पुढच्या साइटवर फिरतं. वाकड्या छताचा साचा एकदाच वापरला जातो आणि त्याची प्रत्येक फळी वेगळी मापावी लागते. असं काम सतत येत राहिलं तर मेस्त्रीचा हात बसतो. गोव्यात ते पाच वर्षांतून एकदा येतं. रोबोला त्याची पर्वा नसते. पन्नास ठोकळे एकसारखे असोत की पन्नास वेगळे, कापायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच.

माझ्या आकाराला रोबो लागेल की नाही, हे मला कसं कळणार?

हा माझा आवडता प्रश्न. त्याचं उत्तर एका सरळ पट्टीने देता येतं.

कार्डबोर्डचं छोटं मॉडेल करा. त्याच्या पृष्ठभागावर कुठेही स्टीलची पट्टी टेकवा आणि ती हळूहळू फिरवत बघा. एखाद्या दिशेला पट्टी पूर्ण लांबीभर पृष्ठभागाला चिकटून बसते का? तशी प्रत्येक ठिकाणी बसत असेल तर तो आकार सरळ रेषांनी बनलेला आहे. वेताचं डमरूच्या आकाराचं स्टूल आठवा. कंबर बारीक, वर-खाली फुगलेलं, पण त्यातली एकेक काडी सरळच. असा आकार गरम तारेने कापता येतो, कारण ताणलेली तार ही शेवटी सरळ रेषाच. आणि तार ही सर्वांत जलद पद्धत आहे: ठोकळ्यातून ती एकदा गेली की अख्खा पृष्ठभाग तयार. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरातल्या ओडिको या कंपनीने २०१२ पासून याच पायावर काम उभं केलं.

पट्टी कुठल्याच दिशेला बसली नाही, म्हणजे पृष्ठभाग नारळाच्या कवटीसारखा दोन्हीकडे वाकलेला असेल, तर तार हरली. मग दोन रस्ते. एक, गरम पातं: धातूची लवचिक पट्टी दोन रोबो दोन टोकांना धरतात, वाकवतात आणि तशीच थर्माकोलमधून नेतात. ही पद्धतही डेन्मार्कमधल्याच एका संशोधन प्रकल्पातून घडली. दुसरा, मिलिंग: गोल टोकाचं टूल पृष्ठभाग रेघेरेघेने कोरत जातं. मिलिंगने जवळजवळ काहीही कोरता येतं, पण वेळ फार जातो आणि शेड थर्माकोलच्या दाण्यांनी भरते. ते दाणे स्थिर विजेमुळे कपड्यांना, भिंतींना, माणसांना चिकटतात आणि दार उघडलं की वाऱ्याबरोबर शेतात जातात.

आणि तिसरं उत्तर, जे ऐकून लोकांची निराशा होते: पट्टी सगळीकडे एकाच दिशेने बसत असेल, म्हणजे आकार वाकवलेल्या पत्र्यासारखा असेल, तर रोबो नको. ६ मिमी प्लायचे दोन थर लाकडी फासळ्यांवर वाकवून खिळे मारा. बाल्कांवातल्या, म्हणजे गोव्याच्या घरांपुढच्या ओसरीतल्या, गोलाईदार सोप्यांसाठी (बांधीव बाकांसाठी) मला विचारणा येते तेव्हा मी हेच सांगतो. फासळ्या मात्र सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनवर, कापून घ्या; तेवढी चैन परवडते. लोझानमधल्या रोलेक्स लर्निंग सेंटरचा २०१० सालचा लाटांसारखा स्लॅबही संगणकावर मापं काढून कापलेल्या सुमारे दीड हजार वेगवेगळ्या लाकडी पेट्यांवरच ओतला गेला. रोबोचा हात ही या सगळ्या कुटुंबातली एक व्यक्ती आहे, अख्खं कुटुंब नव्हे.

थ्री-डी प्रिंट केलेली घरं येतात ती हीच का?

नाही. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये २०२१ साली उघडलेलं घर आणि बंगळुरूचं २०२३ सालचं पोस्ट ऑफिस यांत यंत्राने काँक्रीटच थरावर थर घातलं. भिंतींना साचा नव्हताच. आपण इथे जे बोलतोय त्यात काँक्रीट नेहमीचंच, नेहमीच्या सळईसकट. साचा तेवढा नव्या रीतीचा. म्हणूनच आयएस ४५६ ही काँक्रीटच्या बांधकामाची आपली नेहमीची भारतीय संहिता जशीच्या तशी लागू पडते आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करायला कचरत नाही. माझ्या मते गोव्यासारख्या ठिकाणी हा फार मोठा फायदा आहे.

दोन्हींच्या मधलाही एक मार्ग आहे: साचाच प्रिंट करायचा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने ड्यूबेनडोर्फ इथल्या डीफॅब हाउस या प्रायोगिक घरामध्ये असा स्लॅब घातला. वाळूत चिकटद्रव्य सोडून छापलेले साचे, ११ तुकडे, जवळपास ८० चौरस मीटर, वजन १५ टन, आणि सर्वांत पातळ जागी काँक्रीट अवघं २० मिमी.

ओल्या काँक्रीटचा भार थर्माकोलला झेपतो का?

झेपतो, पण जो माणूस हे न मोजता ‘झेपतो’ म्हणतो त्याच्या साइटवर उभं राहू नका.

ओलं काँक्रीट पाण्यासारखं सगळ्या बाजूंनी ढकलतं, आणि ते पाण्याच्या जवळपास अडीच पट जड. ३ मीटर उंचीची भिंत एका दमात भरली तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ७५ किलोन्यूटन दाब येतो, म्हणजे साडेसात टनांचं वजन आडवं रेटत असतं. घनमीटरला २० किलो घनतेचा थर्माकोल चौरस मीटरला साधारण १०० किलोन्यूटन दाबाखाली दहा टक्के दबतो. आता हिशेब बघा. साचा फुटणार नाही, पण २०० मिमी जाडीच्या तुकड्याने १० मिमी जरी माघार घेतली तरी तुमचा सुंदर आकार पोट सुटल्यासारखा दिसेल. त्यावर उपाय तीन: जास्त घनतेचा थर्माकोल, त्याच्या मागे प्लाय आणि लाकडाचा भक्कम आधार, आणि मीटर-मीटरच्या टप्प्यांनी भरणं. तिसऱ्या उपायाला खर्च नाही, म्हणून तोच कोणी पाळत नाही. आरएमसीचा, म्हणजे प्लांटवर तयार केलेल्या काँक्रीटचा, ट्रक उभा असतो, ड्रायव्हर घाई करतो. शिवाय प्लांटवरून येणाऱ्या काँक्रीटमध्ये ते उशिरा आवळावं म्हणून रसायन घातलेलं असतं. आपल्या उकाड्यात लवकर सेट होईल या भरवशावर राहू नका. ट्रकमधलं काँक्रीट बराच वेळ पातळ राहून दाब देत राहतं.

दुसरा धोका दाबाहून वाईट, कारण तो सुचतच नाही. थर्माकोल तरंगतो. काँक्रीटमध्ये बुडवलेला एक घनमीटर थर्माकोल २ टनांहून जास्त जोराने वर यायला बघतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तरीही चुकलो. एका बागेसाठी लाटेच्या आकाराचं बाकडं होतं. वजन कमी व्हावं म्हणून पोटात थर्माकोलचा गाभा ठेवला, घनमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा. गाभा बायंडिंग वायरने खालच्या सळईला बांधला. काँक्रीट निम्म्यावर आलं, ते हलवून नीट बसवणारा व्हायब्रेटर लावला आणि गाभा वर सरकायला लागला. वायर तुटली नव्हती. तिने थर्माकोल कापला होता, सुरीने पनीर कापावं तसा. पाऊणशे किलोच्या दोन माणसांनी त्यावर उभं राहून पाहिलं, तरी तो थांबेना. साधा हिशेब केला असता तर कळलं असतं की वर ढकलणारा जोर साडेचारशे किलोच्या पुढे आहे. बाकडं फोडावं लागलं. तेव्हापासून आम्ही गाभ्याच्या डोक्यावर लाकडी पट्ट्या आडव्या टाकतो, त्या पट्ट्या बोल्टने तळाच्या प्लायला खेचून धरतो आणि पहिला थर आवळेपर्यंत दुसरा भरत नाही.

ईटीएचच्या संशोधकांनी दाबाच्या प्रश्नाला वेगळीच बगल दिली. त्यांनी रोबोने प्लास्टिकचा दीड मिमी जाडीचा साचा छापला, अंड्याच्या कवचासारखा, आणि त्यात लवकर आवळणारं काँक्रीट हळूहळू सोडलं. खालचं आवळलं की वरचं. दाब साठतच नाही, म्हणून कवच पुरतं. २०१९ साली स्वित्झर्लंडमधल्या एस्लिंगेनमध्ये ‘फ्यूचर ट्री’ नावाच्या लाकडी छत्रीचा काँक्रीटचा खांब असाच ओतला गेला.

सळईचं काय? वाकड्या आकारात ती कोण वाकवणार?

हा प्रश्न आर्किटेक्ट विचारत नाहीत, बार बेंडर विचारतो, आणि तोच बरोबर असतो. साचा मिलिमीटरमध्ये येतो आणि सळई ‘अंदाजे’ वाकवलेली असते. मग कुठे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ६० मिमी, कुठे सळई थर्माकोलमध्ये रुतलेली. ८ आणि १० मिमीच्या सळ्या शक्य तेवढ्या त्या सरळ रेषांच्या दिशेने टाका, ज्या तुम्ही पट्टीने शोधल्या होत्या. कान्देलाच्या सुतारांना जे वरदान होतं तेच बार बेंडरला मिळतं. उरलेल्या दिशेच्या सळ्यांसाठी आम्ही प्रत्येकीचं वळण प्लायच्या पट्टीवर पूर्ण मापात कापून देतो, नंबर घालून. सळई साच्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक नेहमीचे टोकदार नकोत, ते थर्माकोलमध्ये शिरतात. रुंद बुडाचे घ्या.

डीफॅब हाउसच्या एका भिंतीत मात्र सळई आणि साचा यांतला भेदच पुसला. चाकांवर फिरणाऱ्या रोबोने तारा वाकवून, कापून, वेल्ड करून दाट जाळी विणली; सुमारे २०,००० वेल्ड. काँक्रीट त्या जाळीच्या पोटात ओतलं, जाळीने ते धरून ठेवलं आणि बाहेरून माणसांनी थापीने गुळगुळीत केलं. तीच जाळी नंतर सळई म्हणून आत राहिली. हे पाहिल्यावर मला आपल्याकडे दिवाळीत करतात त्या नरकासुराच्या पुतळ्याची आठवण झाली. लोखंडी सांगाडा आधी, अंग नंतर.

समुद्राजवळ पातळ कवचासारखं छत करता येईल का? परदेशी फोटोत तर ४ सेंटिमीटरचं दिसतं.

लोस मानान्तियालेसचं कवच खरोखरच साधारण ४ सेंटिमीटरचं आहे. पण मेक्सिको सिटी समुद्रापासून दूर आणि सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. मिरामार, कांदोळी किंवा कोलव्याला खारी हवा सळई खाते. आयएस ४५६ प्रमाणे किनाऱ्याच्या हवेत उघड्या काँक्रीटला किमान एम-३० ही ताकदीची प्रत आणि सळईवर ४५ मिमी कव्हर लागतं. लाटांचे तुषार पोचत असतील तर एम-३५ आणि ५० मिमी. दोन्ही बाजूंना ४५, मध्ये सळईचे दोन थर, म्हणजे कवच ११० मिमीच्या आसपास गेलंच. पातळपणा हवाच असेल तर काचतंतूचं काँक्रीट, काचतंतूची सळई किंवा स्टेनलेस स्टील, हे इंजिनिअरबरोबर पहिल्याच बैठकीत ठरवा. किनाऱ्यावर पातळ कवच उभं करून त्याला रंग लावत बसण्याच्या मी ठाम विरोधात आहे. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे खाली बसलेल्या माणसावर पडतात.

देवळाच्या घुमटासाठी समितीला हे परवडेल का?

आठ पाकळ्यांचा घुमट असेल तर नीट ऐका. आठही पाकळ्या सारख्या असतात. आठ वेळा थर्माकोल कापणं म्हणजे पैसा जाळणं. रोबोने एकच पाकळी मिलिंग करून घ्या, ती पुट्टी लावून, घासून आरशासारखी करा आणि तिच्यावरून फायबरग्लासचा साचा ओतून घ्या. गोव्यात नदीकाठी फायबरच्या होड्या बनवणारे कारागीर आहेत. होडीचं अंग साच्यातून काढणं हेच त्यांचं रोजचं काम, तेव्हा हा साचा त्यांच्या हातचा मळ. तो आठ वेळा, पुढच्या गावच्या देवळासाठी आणखी आठ वेळा वापरा. आकाराला उतार मात्र ठेवा, म्हणजे साचा सुटून येईल. उलटं वळण असलेली कमळाची कडा वेगळी ओतून नंतर बसवा.

समितीत जे वयस्कर असतात ते विचारतात, यंत्राच्या आकाराला पावित्र्य कसं येणार? मी त्यांना माशेलच्या मूर्तिकारांची आठवण करून देतो. चिकणमातीची मूर्ती साच्यातून निघते तेव्हा ती अर्धीच असते. डोळे हाताने उघडतात. घुमटावरची शेवटची रेघही कोणाच्यातरी हातानेच ओढून घ्या, मी स्वतः आग्रह धरीन.

काँक्रीटचा पृष्ठभाग कसा येतो? थर्माकोलचे दाणे उमटतात का?

उघड्या थर्माकोलवर ओतलं तर उमटतात, शिवाय तो काँक्रीटला असा चिकटतो की खरवडून काढावा लागतो. म्हणून वर लेप हवा: पॉलियुरिया, इपॉक्सी किंवा साध्या कामात चिकट फिल्म. पेट्रोलसारखा थिनर असलेला लेप चुकूनही नको, थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. शटरिंग ऑइलही आधी एका तुकड्यावर लावून रात्रभर ठेवा. दोन ठोकळ्यांमधला सांधा लपत नाही. त्यातून स्लरी, म्हणजे सिमेंटचं पाणी, गळते आणि तिथे हनीकोंब होतं, म्हणजे काँक्रीट पोळ्यासारखं भोकाभोकांचं राहतं. सांधे कुठे येणार हे आर्किटेक्टने स्वतः आखावं, ते नशिबावर सोडू नये. तारेने कापलेल्या पृष्ठभागावर बारीक रेघा राहतात. मला त्या आवडतात, लाकडाच्या शिरांसारख्या दिसतात.

रोबो किती अचूक असतो?

मोठा औद्योगिक हात त्याच जागी पुन्हा येताना मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका अचूक असतो. सांगितलेल्या जागी पहिल्यांदाच पोचताना मात्र एखाद्या मिलिमीटरने चुकू शकतो. काँक्रीटसाठी एवढं पुष्कळ झालं. चूक वेगळीकडेच होते: रोबो घाईने चालवला की तारेचा मधला भाग मागे रेंगाळतो, तार धनुष्यासारखी वाकते आणि मध्यभागी आकार बिघडतो. फार सावकाश चालवला तर थर्माकोल जास्त वितळून खाच रुंद होते. वेग आणि उष्णता यांचा मेळ बसवायला आम्ही पहिल्या महिन्यात किती ठोकळे फुकट घालवले ते मोजलं नाही. आणि साइटवर पोचल्यावर साचा टेबलावर ५ मिमी तिरका बसला तर रोबोची अचूकता कुठे गेली? ओळंबा, लेव्हल, टोटल स्टेशन (मोजणीची दुर्बीण) यांना पर्याय नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर शेडमध्ये कापा, साइटवर भरू नका. ज्यांना थांबणं शक्य नसतं त्यांच्यासाठी: थर्माकोल पाणी फारसं पीत नाही, पण त्याच्या मागचं प्लाय फुगतं आणि मापं हलतात. साच्याच्या खोलगट जागी पाणी साचतं, तेव्हा सर्वांत खाली निचऱ्याचं भोक ठेवा आणि भरण्याआधी बुजवा. ठोकळे हलके असतात, वाऱ्याने उडतात; एक आमच्या शेजाऱ्याच्या पोफळीत सापडला होता. आणि चिऱ्याची लाल धूळ! आवारात चिरे कापत असाल तर साचा झाका. ती धूळ ओल्या लेपावर बसली की काँक्रीटवर उमटलेला तांबूस डाग धुतल्याने जात नाही. उन्हाळ्यातही झाकाच, उन्हाने थर्माकोल पिवळा पडून वरून पिठूळ होतो आणि लेप सुटतो.

साचा केव्हा खोलायचा?

रोबोने केला म्हणून लवकर नाही. आयएस ४५६ मध्ये साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी दिलेलं आहे: उभ्या बाजू १६ ते २४ तासांनी, ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी; ६ मीटरपर्यंतच्या बीम आणि कमानीचे टेकू १४ दिवसांनी, त्याहून मोठ्यांचे २१ दिवसांनी. स्लॅग किंवा फ्लाय अॅश मिसळलेलं सिमेंट सावकाश ताकद धरतं, तेव्हा इंजिनिअरला विचारून वाढवा. वक्र छताला आणखी एक नियम: टेकू मधून कडेकडे, थोडे-थोडे, दोन्ही बाजूंनी सारखे सैल करा. एका कोपऱ्यातून सगळे काढत गेलात तर छताला जो भार कधीच सोसायचा नव्हता तो त्या दिवशी सोसावा लागतो.

वापरलेल्या थर्माकोलचं काय होतं? किनाऱ्यावर आधीच कमी कचरा आहे का?

या प्रश्नावर मी बचाव करणार नाही. थर्माकोलमध्ये साधारण ९८ टक्के हवा असते, म्हणून ट्रक भरून नेला तरी वजन काही नसतं आणि भंगारवाला घेत नाही. आमचा नियम असा: साचा साइटवर फोडायचा नाही, मोठे तुकडे पोत्यात भरून परत आणायचे. शक्य तिथे तेच ठोकळे पुढच्या कामात कमी खोलीच्या साच्यासाठी पुन्हा कापतो. मिलिंग साइटवर कधीच करत नाही. तार तापते तेव्हा निघणारा धूर छातीत जातो, म्हणून शेडमध्ये एक्झॉस्ट आणि मास्क सक्तीचे.

जगात चांगले मार्ग निघाले आहेत. लंडनच्या एलिझाबेथ लाइनच्या स्टेशनांतल्या काचतंतू-काँक्रीटच्या पॅनेलांसाठी मेणाचे साचे रोबोने घडवले. काम झालं की मेण वितळवून पुन्हा वापरायचं. मेक्सिको सिटीत २०१८ साली कान्देलाच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या ‘निटकान्देला’ मंडपाचा साचा तर कापडी होता. यंत्रावर ३६ तासांत विणला, सुटकेसमध्ये भरून विमानाने नेला. कापड आणि दोरखंडांची जाळी मिळून वजन ५५ किलो, आणि त्यावर ५ टनांहून जास्त काँक्रीट उभं राहिलं. मागावर जन्मभर काम केलेल्या माणसाला ही गोष्ट सांगून बघा. मी सांगितली आहे. त्यांनी ताबडतोब विचारलं, ताणा कुठला वापरला?

मेस्त्रींचं काम जाईल का?

गोव्यात सेंट्रिंग करणारे बरेच कारागीर कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहारमधून आलेले असतात, आणि हा प्रश्न ते मला थेट विचारत नाहीत. ते रोबोकडे बघत उभे राहतात. आमच्या शेडमध्ये आज जो तारेचा वेग ठरवतो तो आधी सुतार होता. लाकूड कुठे चिरेल हे जसं त्याला आवाजावरून कळायचं तसं तार कधी अडकतेय हे आता कळतं. प्रोग्रॅम करणारा मुलगा त्याला विचारल्याशिवाय वेग बदलत नाही. एवढं मात्र खरं की हे आपोआप घडत नाही. कंत्राटदाराने रोबोचं बिल देताना मेस्त्रीच्या दोन आठवड्यांच्या शिकण्याचं वेतनही धरलं पाहिजे. जिथे धरलं नाही तिथे साचे उलटे बसलेले मी पाहिले आहेत.

मी आर्किटेक्चर किंवा सिव्हिल शिकतोय. सुरुवात कुठून करू?

रोबोपासून नको. ९ व्होल्टची बॅटरी, एक वीतभर निक्रोम तार, थर्माकोलचा तुकडा, आणि उघड्या खिडकीशेजारची जागा. लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकळ्याच्या दोन बाजूंना लावा, एक सरळ, एक वळणदार, आणि तार दोन्हींवरून एकाच वेळी ओढा. सरळ रेषेतून वळण कसं निघतं ते हाताला कळेल. त्यात प्लास्टर ओता आणि सोडवून बघा. मग राइनो आणि ग्रासहॉपर ही त्रिमितीय आकृत्यांची सॉफ्टवेअर शिका. रोबोच्या हालचाली तिथूनच लिहिता येतात. आणि आल्तिनोच्या आर्किटेक्चर कॉलेजात किंवा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असाल तर सुट्टीत आठ दिवस कुठल्याही साइटवर सेंट्रिंगच्या टोळीबरोबर राहा. प्रॉप कुठे का लावतात हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं नाही.

तुम्ही कुठल्या कामाला नाही म्हणता?

ज्या कामात वळण पुढून दिसावं म्हणून घातलेलं असतं आणि मागे सपाट भिंत असते, त्याला. पणजीची कला अकादमी बघा: वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी सरळ रेषा, सावली आणि मांडवीचा वारा एवढ्यावर ती इमारत उभी केली. वळण छताला आधार देत असेल, आवाज फिरवत असेल, पावसाचं पाणी वाहून नेत असेल तर आम्ही रात्री जागून करू.

विचारणा करताना काय पाठवू?

आकृतीची फाइल, एक चौरस फूट तरी मोठं हाताने केलेलं मॉडेल, साइटपर्यंतच्या रस्त्याची रुंदी आणि सर्वांत अरुंद वळणाचा फोटो. शेवटच्या गोष्टीवर लोक चकित होतात. पण गावातल्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून (कुंपणाच्या भिंतींमधून) ट्रक जाणार नसेल तर ठोकळे पिकअपच्या मापाचे कापावे लागतात, आणि मग सांधे कुठे येणार हे तुमच्या आर्किटेक्टच्या आधी तो गडगा ठरवतो.